शर्टाचं शेपूट

२६ ऑक्टोबर

पेट्रोल पंपावर उतरलो, तर काउंटरमागच्या बाईने माझ्याकडे पाहिलं, पुन्हा पाहिलं आणि आतल्या खोलीकडे तोंड करून म्हणाली, "अगं, रडका परत आलाय."

हे गाव सोडून दहा वर्षं झाली. दहा वर्षांत मी अलास्कात मासे चिरले, डाकोटात बीट उपसले, टेक्सासात एका माणसाची शहामृगं राखली. शहामृग लाथ पुढे मारतं, मागे नाही. हे आधी कुणी सांगत नाही. एवढं सगळं करून आलो तरी इथे मी रडकाच.

ही डायरी एका टायरवाल्याने फुकट दिली होती. जुलैपर्यंतची पानं शेकोटी पेटवण्यात गेली. उरलेल्या पानांत लिहिणार आहे, कारण या वेळी मी एक काम धरून आलोय, आणि काम धरून भलतीकडे जायची मला खोड आहे. म्हणून आधीच लिहून ठेवतो. म्हाताऱ्याचा डीकन मारायचा. माझ्या हाताने नाही, आयलीच्या हाताने.

म्हातारा म्हणजे माझा बाप, उर्हो कांगस. आयली माझी मुलगी, अकरा वर्षांची. गाव सोडल्यापासून तिला मी चार वेळा पाहिलंय. आणि डीकन म्हणजे दहा टोकांच्या शिंगांचा नर. गळ्यावरचा पांढरा पट्टा इतर हरणांपेक्षा रुंद, डीकनच्या, म्हणजे धाकट्या पाद्र्याच्या, कॉलरसारखा, म्हणून ते नाव. तीन वर्षं म्हातारा त्याला गाजरं आणि बीट घालतोय, झाडाला कॅमेरे बांधून फोटो काढतोय, आणि रानातल्या आपल्या शिकारीच्या कॅम्पवर येणाऱ्या प्रत्येकाला बजावतोय की याला हात लावायचा नाही. हे मला ओव्हिड बेसेटने फोनवर सांगितलं. ओव्हिड म्हाताऱ्याचा चाळीस वर्षांचा दोस्त. त्याच्याच गॅरेजवरच्या खोलीत उतरलोय.

बाहेर गारठा आहे. बर्फ अजून नाही.

२८ ऑक्टोबर

ओव्हिडच्या फ्रिजवर डीकनचा फोटो आहे. म्हाताऱ्याने वाटलाय, नातवंडाचा वाटावा तसा. फोटोकडे बघत पेस्टी खाल्ली, इथली खिम्याची करंजी. आतल्या सलगमाची चव लहानपणीचीच आहे, आणि ती मला आवडते याचाही राग आला.

रडका हे नाव कसं पडलं ते एकदा लिहून टाकतो, म्हणजे डोक्यात फिरायचं थांबेल.

आमच्याकडे पंधरा नोव्हेंबरला हरणांचा मोसम उघडतो. शाळा बंद, गिरणी बंद, सगळे कॅम्पवर. कॅम्पवरचा नियम असा की हरणावर नेम चुकला तर शर्टाचं शेपूट कापायचं. पाठीमागचा घोळ सुरीने कापायचा, त्यावर नाव आणि वय लिहायचं आणि भिंतीला ठोकायचा. आमच्या भिंतीवर तीसेक तुकडे असतील. ओव्हिडचेच पाच आहेत. सगळे हसतात. ज्याचा शर्ट गेला तोही हसतो, म्हणजे त्याने हसायचं असतं.

मी बारा वर्षांचा होतो. चार तास बसलो होतो, बोटं बधिर झाली होती. तीस पावलांवर नर आला आणि मी चुकलो. म्हातारा शेजारीच होता. म्हणाला, "एवढं मोठं जनावर, आणि तुला दिसलं नाही?" मग कॅम्पवर सहा माणसांसमोर त्याने माझा लाल-काळ्या चौकड्यांचा शर्ट कापला. मला हसू आलं नाही. त्याने तुकडा टेबलावर पसरला आणि जाड पेनाने लिहिलं: कर्टिस, १२. रडला.

शेवटचा शब्द लिहायची काही गरज नव्हती. सोमवारी शाळेत सगळ्यांना ठाऊक झालं होतं.

म्हणून डीकन. म्हाताऱ्याच्या जागेत, म्हाताऱ्याच्या गाजरांवर पोसलेला, आणि मारणारी पोर अशी की तिच्यावर त्याला ओरडताही येणार नाही. उलट पहिली शिकार म्हणून पाठ थोपटावी लागेल. त्या वेळचा त्याचा चेहरा मला बघायचाय. तेवढ्यासाठी दोन हजार मैल आलोय.

२ नोव्हेंबर

रोंडाकडे गेलो. आयलीची आई. आम्ही दोघं अठराचे असताना आयली झाली, आणि एकोणिसाव्या वर्षी मी पळालो. रोंडाने दारातूनच सांगितलं, "दोन आठवड्यांत पळणार असशील तर आत्ताच पळ, माझा वेळ वाचेल."

शिकारीला नेतो म्हटल्यावर तिला हसू आलं. पण आतून आयली आली आणि म्हणाली, "मला जायचंय." उंच झालीय. समोरचे दात जरा पुढे, माझ्या आईसारखे. मला ती कर्टिस म्हणते. बरोबरच आहे, दुसरं काय म्हणणार.

चौदाच्या आतल्या पोराला बंदूक घेऊन सरकारी रानात बसता येत नाही, खासगी जागा लागते. म्हणजे म्हाताऱ्याची. सगळं कसं जुळून येतंय.

५ नोव्हेंबर

ओव्हिडची हलकी रायफल घेऊन खडीच्या जुन्या खाणीत गेलो. वाटाण्याचे दहा डबे मांडले. आयलीने नऊ पाडले. दहावा मी ठेवताना वाकडा ठेवला होता, तो आपणच पडला, म्हणून तो तिने मोजू दिला नाही.

तिला श्वास अर्धा सोडून धरायला शिकवलं. चाप ओढायचा नाही, हळू दाबायचा. वारा बघायला जवळपासच्या धुराकडे बघायचं, हेही शिकवलं. तिने विचारलं, हे तुला कुणी शिकवलं. मी म्हटलं, असंच कळतं. तिने मान हलवली आणि म्हणाली, उक्की पण धुराकडे बघतो. उक्की म्हणजे म्हातारा. आम्ही मूळचे फिनिश, आजोबाला आमच्यात अशीच हाक मारतात.

परतताना तिला शहामृगांची गोष्ट सांगितली. हसून हसून तिला उचकी लागली. मग मी ती मेक्सिकोच्या सीमेपर्यंत वाढवत नेली आणि वळण चुकून भलत्याच रस्त्याला लागलो. असो. नऊ डबे. डीकन चाळीस पावलांवर आला तर संपला.

९ नोव्हेंबर

आज ओव्हिडकडे जेवायला आयली आली होती. ओव्हिडने कवळी काढून टेबलावर ठेवली आणि गावातली जुनी भांडणं सांगितली. मध्येच आयलीने मला विचारलं, "तुझं शेपूट अजून आहे ना तिथे? कॅम्पवर?"

मी घास ताटात ठेवला. तिने ते पाहिलंय. उन्हाळ्यात म्हातारा तिला बेरी तोडायला कॅम्पवर नेतो, ओव्हिड म्हणाला. म्हणजे त्याने तिला तो तुकडा दाखवला, त्यावरचा शब्द वाचून दाखवला, आणि दोघं हसले असतील. माझ्या पोरीलाही त्याने सोडलं नाही.

मी म्हटलं, असेल.

तिने पुढे विचारलं, "चुकलं तरच कापतात ना?"

घाबरली असावी. तिच्या पाठीवर हात ठेवून म्हटलं, तू चुकणार नाहीस, तुझा शर्ट कुणी कापणार नाही. ती वेलदोड्याच्या पावावरची साखर नखाने खरवडत बसली.

१२ नोव्हेंबर

आयलीला शर्ट घ्यायला दुकानात नेलं. वरून नारिंगी जाकीट घालायचंच असतं, आतला शर्ट कुणाला दिसतोय. पण ही तीन रांगा फिरली. हिरवा नको, निळा नको. शेवटी लाल-काळ्या चौकड्यांचा काढला, तोही मोठ्या पुरुषाच्या मापाचा, गुडघ्यापर्यंत येणारा. तेवढा लांब कशाला, म्हटलं. म्हणाली, लांबच हवा.

मुलींचं कपड्यांचं काही कळत नाही. मीही एक शर्ट घेतला, करडा, लोकरीचा, चांगला. इथून निघालो की थंडीत कामाला येईल.

१३ नोव्हेंबर

सकाळी एकटाच कॅम्पवर गेलो, लाकडं भरून ठेवतो सांगून. म्हाताऱ्याने किल्ली दिली, पण जागेवरून उठला नाही. घराबाहेर गाजरांची पोती रचून ठेवली होती.

कॅम्प तसाच आहे. एक खोली, चार माचे, लोखंडी शेगडी, मागे वाफेने अंघोळ करायची सौना. आणि भिंत.

माझा तुकडा खिडकीजवळच्या खालच्या माच्यावर, उशीपासून हातभर वर. लाल फिका पडून विटकरी झालाय, पण शब्द तसाच. फक्त खालचा एक कोपरा काळा, मऊ, तेलकट झाला होता, कुणी बोटांनी चोळत राहावं तसा. म्हातारा पाहुण्यांना हात लावून दाखवत असणार.

पक्कड घेतली, खिळा उपटला, तुकडा शेगडीत टाकला. लोकरीचा होता, जळताना केसांसारखा वास आला. सतरा वर्षं भिंतीवर होता, जळायला मिनिटही लागलं नाही. खिळा परत त्याच भोकात ठोकला. त्याला दिसू दे. रोज दिसू दे आणि विचारायची हिंमत होऊ नये.

बरं वाटलं. खरंच खूप बरं वाटलं. मग लाकडं भरायची राहिली म्हणून पुन्हा गेलो.

१४ नोव्हेंबर

आज सगळे कॅम्पवर आलो. म्हातारा, ओव्हिड, मी, आयली. म्हाताऱ्याने आत शिरल्याबरोबर भिंतीकडे पाहिलं. मी त्याच्याकडेच बघत होतो. त्याची नजर खिळ्यावर थांबली. मग त्याने डोक्यावरची नारिंगी टोपी काढली आणि त्या खिळ्याला अडकवली. त्याची टोपी कायम दाराजवळच्या खुंटीला असते, जन्मभर मी तेच पाहिलंय. म्हणजे माझ्या जागेवर आता स्वतःची टोपी. एक शब्द न बोलता. असा माणूस आहे.

आयली तेव्हा बाहेर गाडीतून सामान काढत होती.

दुपारी कोण दबा धरायच्या कुठल्या खोपटात बसणार ते ठरलं. ते आमच्याकडे क्रिबेजवर ठरतं. खुंट्यांचा पाट, पत्ते, जिंकेल त्याने आधी निवडायचं. ओढ्याकडचं खोपट चाळीस वर्षं म्हाताऱ्याचं, कारण या डावात त्याला कुणी हरवत नाही. डीकन तिथेच येतो. मी रात्रभर विचार करून आलो होतो की त्याला कसं डिवचायचं, कसं चिडवून खेळवायचं. गरजच पडली नाही. शेवटच्या हाताला त्याच्याकडे बारा गुण होते, त्याने आठ मोजले. मी पानं पाहिली होती. गप्प बसलो. जिंकलो.

"ओढ्याकडचं," मी म्हटलं.

"घे," म्हातारा म्हणाला, आणि उठून शेगडीत लाकूड टाकलं.

ओव्हिड त्याच्याकडे बघत राहिला. वयाने डोकं गेलंय म्हाताऱ्याचं. चाळीस वर्षांत मोजणीत चुकला नव्हता.

१५ नोव्हेंबर

लिहायला हात वळत नाही. पण लिहितो.

उजाडायच्या आधी आम्ही खोपटात होतो. दोन बादल्या उलट्या घालून बसलो. पहाटे बोटभर बर्फ पडून गेला होता. कॅम्पच्या धुराड्याचा धूर झाडांवरून दिसत होता, दोरी टांगल्यासारखा सरळ. पानही हलत नव्हतं. आयलीच्या हातात थर्मासचं झाकण, त्यात कोको. ती मुळीच हलली नाही. एवढी शांत पोर मी पाहिली नाही.

आठ वाजून गेले आणि देवदारांतून तो आला. फोटोत दिसतो त्याहून मोठा. गळ्यावरचा पट्टा, शिंगांवर बर्फाचा भुगा. चाळीस पावलं. बिटाच्या ढिगाजवळ येऊन पूर्ण आडवा उभा राहिला. मला म्हाताऱ्याचा चेहरा दिसायला लागला, आत्ताच, डोळ्यांसमोर.

आयलीने रायफल फळीवर टेकवली. एकदा माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. तिने श्वास अर्धा सोडला, सगळं शिकवल्याप्रमाणे, आणि गोळी डीकनच्या पाठीवर हातभर वर बर्चच्या खोडात बसली. साल उडालेली मी पाहिली. डीकन शेपूट वर करून गेला.

माझ्या तोंडून निघालं, "एवढं मोठं जनावर, आणि तुला दिसलं नाही?"

ते कुठून आलं मला माहीत नाही.

ती रडली नाही. तिने रायफल रिकामी केली, उरलेली काडतुसं खिशात टाकली आणि उभी राहिली. "चल," म्हणाली, "कापायला जाऊ."

जाताना ती पुढे, मी मागे. ती जवळजवळ उड्या मारत होती. एवढा निर्लज्जपणा कुणाकडून आला असेल, असा विचार करत चाललो होतो.

कॅम्पवर ओव्हिडने गोळी ऐकली होती, तो दारात उभा. चुकली म्हटल्यावर त्याने टाळ्या वाजवल्या आणि आपल्या पाच तुकड्यांकडे बोट करून म्हणाला, ये पोरी, आमच्यात ये. म्हाताऱ्याने कमरेची सुरी काढली आणि दांडा माझ्याकडे केला. "तू नेलीस. तू काप."

मी कापलं. रागात होतो. आयली पाठमोरी उभी राहून सांगत होती, सरळ काप, वाकडं नको. म्हाताऱ्याने पेन काढलं, काय लिहू विचारलं. तिने सांगितलं, नुसतं नाव आणि वय.

मग ती तुकडा घेऊन खिडकीजवळच्या माच्यावर चढली. "माझं इथे," ती म्हणाली, "डॅडच्या शेजारी." आणि म्हाताऱ्याची टोपी खिळ्यावरून उचलली.

खाली नुसता खिळा. आणि लाकडावर चौकोनी, उजळ जागा.

तिने खिळ्याला बोट लावलं. मग माच्याच्या मागे वाकून बघितलं, उशी उचलून बघितलं.

"उंदीर," म्हातारा म्हणाला. "या वर्षी फार झालेत."

माझ्याकडे त्याने पाहिलंही नाही.

आयली खाली उतरली. आपल्या तुकड्याची घडी घातली, आणखी एक घडी घातली आणि खिशात ठेवली. "मग नको," म्हणाली. ओव्हिडला विचारलं, मला घरी सोडशील का.

१७ नोव्हेंबर

आयली आली नाही. फोन रोंडाने उचलला. विचारलं, काय केलंस. म्हटलं, काही नाही. ती म्हणाली, तेच तर तू नेहमी करतोस.

१८ नोव्हेंबर

ओव्हिडच्या खोलीत पडून आहे. सामान बांधलं, सोडलं. लुईझियानात नाताळची झाडं विकायला माणसं हवी आहेत.

एकच गोष्ट टोचतेय. म्हातारा माझ्यासाठी खोटं बोलला. सूड घ्यायला आलो आणि वर त्याचा उपकार झाला. याचा सूड कसा घेतात?

त्याला सगळं पहिल्याच दिवशी कळलं होतं. टोपी तिथे अडकवली ती— जाऊ दे. त्याची टोपी, कुठेही अडकवेल.

२१ नोव्हेंबर

रोंडाकडे लाकडं रचायची होती, मी गेलो. आयली मागच्या अंगणात होती. तीही रचू लागली. रांग कमरेएवढी झाली तेव्हा मी म्हटलं, उंदीर नव्हते.

"माहीत आहे," ती म्हणाली. "उंदीर खिळा परत ठोकत नाहीत."

मी सांगितलं की मी जाळलं. का, तेही सांगितलं. त्यावर काय लिहिलेलं होतं, गावात मला काय म्हणतात. तिने ऐकून घेतलं. मग म्हणाली, उन्हाळ्यात मी तिथे झोपले की उक्की मला त्याच माच्यावर झोपवायचा. झोप येईपर्यंत हात वर केला की ते हाताला लागायचं. तू कुठे आहेस ते कुणाला माहीत नसायचं, पण ते तिथे असायचं.

काळा कोपरा. पाहुणे वगैरे नव्हते.

"आणि तो शब्द?" मी विचारलं.

"मला वाटायचं, तू रडलास म्हणजे तुला पण वाईट वाटतं," ती म्हणाली. "छान होतं ते."

बराच वेळ लाकडं रचली. शेवटी विचारलं, खाणीत नऊ डबे पाडणारी पोर चाळीस पावलांवर कशी चुकली.

तिने बुटाने बर्फ उकरला. "वारा होता."

वारा नव्हता. मी पुढचं लाकूड उचललं.

२३ नोव्हेंबर

म्हाताऱ्याच्या घरी गेलो. किल्लीसाठी नाही; आपणहून, पहिल्यांदा. तो कॅमेऱ्याचे फोटो बघत बसला होता. डीकन पुन्हा बिटांवर यायला लागलाय. मी करडा शर्ट काढून टेबलावर ठेवला आणि म्हटलं, याचं शेपूट कापा, नाव लिहा, तिच्यासाठी हवंय.

त्याने शर्टाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. "चुकल्याशिवाय कापत नाही. आजवर कुणाचं कापलं नाही."

मी म्हटलं, एक फडकं तर आहे. तो म्हणाला, मग स्वतःच काप. स्वतः कापलेलं तिला चालत असेल तर.

चालणार नाही. हे त्यालाही ठाऊक आहे. बाहेर पडताना दार आपटलं. त्या माणसासमोर पुन्हा शर्ट धरून उभं राहायचं, आणि तेही नेम चुकवून. बारा वर्षांचा असताना निदान खरंच चुकलो होतो.

२५ नोव्हेंबर

दिवसभर खोपटात. दोन माद्या आणि एक खार. खार बीट खाते, हे नवीन.

डीकन आला तर काय करायचं ते ठरवलेलं नाही. माझ्याकडे परवाना आहे, भरलेली बंदूक आहे. अजूनही म्हाताऱ्याचा चेहरा बघता येईल. ओव्हिड म्हणाला, उर्होने यंदा स्वतः बंदूकच काढली नाही, लक्षात आलं का तुझ्या. म्हटलं, म्हातारा झालाय. ओव्हिड म्हणाला, हो, तसंच असेल.

२८ नोव्हेंबर

दुपारी दोनला आला.

तीस पावलं. त्या वर्षीइतकीच. आडवा. गळ्यावरचा पट्टा एवढा जवळ होता की त्यातला एकेक केस मोजला असता. दुर्बिणीतली रेघ त्याच्या खांद्यामागे होती आणि हात दगडासारखा स्थिर होता. दहा वर्षांत माझा हात एवढा स्थिर कधी नव्हता. हा सूड मला कुणीतरी फुकट देत होतं.

गोळी बर्चला लागली. आयलीच्या गोळीच्या बोटभर खाली. डीकन गेला.

थोडा वेळ बादलीवरच बसून राहिलो. मग कॅम्पवर आलो. म्हातारा आणि ओव्हिड टेबलाशी होते. मी जाकीट काढलं आणि सांगितलं, चुकलो.

"किती लांब होता?" म्हाताऱ्याने विचारलं.

"तीस पावलं."

ओव्हिड म्हणाला, तीस पावलांवर तर मी कवळी फेकून पाडला असता.

"मग चुकलास कसा?"

"वारा होता."

म्हाताऱ्याने मान वळवून खिडकीबाहेर पाहिलं. आमच्याच धुराड्याचा धूर सरळ वर चालला होता, जराही न वाकता. त्याने बराच वेळ पाहिलं.

"हो," तो म्हणाला. "होता थोडा."

त्याने सुरी काढली. मी पाठमोरा उभा राहिलो. त्याचा डावा हात माझ्या खांद्यावर होता, शर्ट ताणायला असेल. बारा वर्षांचा असतानाही तसाच धरला होता का, आठवत नाही. कापून झाल्यावर त्याने तुकडा टेबलावर पसरला आणि लिहिलं: कर्टिस, २९. पेन आणखी थोडा वेळ कापडावर धरून ठेवलं. मग टोपण लावलं.

२९ नोव्हेंबर

आयलीला कॅम्पवर आणलं. तिने खिशातून घडी काढली; दोन आठवडे खिशात राहून तिचा कोपरा काळा पडायला लागला होता. माझा तुकडा मी धरला, शेजारी तिचा तिने. हातोडी तिच्याकडे.

"डॅड, बोट काढ ना मधून," ती म्हणाली.

मी ऐकलं, पण काढायला उशीर झाला. अंगठा काळानिळा झालाय, पेन धरताना ठणकतोय. म्हातारा शेगडीजवळ बसून हसला. टोपी त्याने दाराजवळच्या खुंटीला लावली होती.

लुईझियानाला यंदा कळवलं नाही. बघू.

एक मात्र लिहून ठेवतो. शर्ट नवा होता, आणि म्हाताऱ्याने गरजेपेक्षा वीतभर जास्त कापलं. मुद्दाम. बसलं की पाठीला गार लागतं. हे मी विसरणार नाही. पुढच्या पंधरा नोव्हेंबरला ओढ्याकडच्या खोपटात त्यालाच बसवणार, आणि त्याच्या शर्टावर माझी नजर असणार.